फ्रँकफर्ट विमानतळावरच्या मावशींना, जाहीर आभार

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तुमचं आडनाव वाचलं होतं, पण ते इथे लिहीत नाही. तुम्हाला न विचारता चारचौघांत तुमचं नाव घेणं बरं नव्हे. तुम्हाला ओळखणाऱ्यांना एवढी खूण पुरेल: एप्रिल २०१०, फ्रँकफर्ट विमानतळ, टर्मिनल १, बी विभाग, फरशी धुण्याच्या गाडीवर बसून फिरणाऱ्या आणि वाटेत कुणाचे पाय आले की जोरात हॉर्न वाजवणाऱ्या बाई.

आम्ही तिथे का पडून होतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. १४ एप्रिलला आइसलँडमधल्या एयाफ्यातलायोकुत्ल या हिमनदीखालचा ज्वालामुखी फुटला. तापलेला लाव्हा आणि बर्फाचं पाणी यांची गाठ पडली आणि त्यातून अतिशय बारीक राख आकाशात उडाली. ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते, तो काचेचा आणि खडकाचा चुरा असतो. जेट इंजिनाच्या आतल्या उष्णतेत तो वितळतो आणि पात्यांवर चिकटून बसतो. १९८२ साली जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशाच राखेत बंद पडली होती. विमान राखेच्या ढगाखाली आलं, इंजिनं पुन्हा धरली आणि ते जाकार्ताला सुखरूप उतरलं, पण तेव्हापासून राख दिसली की उडायचं नाही हा दंडक झाला. १५ तारखेला ब्रिटनचं आकाश बंद झालं, १६ तारखेला फ्रँकफर्टचं. एकूण लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली, कोटीभर माणसं अडकली. नंतर विमान कंपन्यांनी 'एवढं बंद ठेवायची गरज नव्हती' असा ओरडा केला. मला मात्र तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता, आजही वाटतो. माझा राग राखेवर नव्हताच.

राग होता तो काचेच्या त्या भिंतीवर. मी लंडनला नोकरी करत होतो, सुट्टी संपवून परत चाललो होतो आणि फ्रँकफर्टला फक्त विमान बदलायचं होतं. ब्रिटनचा कामाचा व्हिसा पासपोर्टवर होता, पण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या जर्मनीसारख्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे तो व्हिसा जर्मनीत पाऊल ठेवायला कामाचा नव्हता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या विमानातले अमेरिकन, जपानी, युरोपियन प्रवासी पासपोर्ट दाखवून बाहेर पडले. कुणी रेल्वे धरली, कुणी बस, कुणी चौघांत मिळून गाडी केली. त्या दिवसांत जॉन क्लीज हा विनोदी नट ऑस्लोहून ब्रसेल्सपर्यंत टॅक्सीने गेला. खुद्द तुमच्या चान्सलर मर्केलबाई अमेरिकेहून परतताना लिस्बनला उतरल्या आणि रोममार्गे पुढे रस्त्याने घरी पोचल्या. आकाश बंद असलं तरी जमीन मोकळी होती. आमच्यासाठी जमीनही बंद होती.

गंमत म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता. विमान रद्द झालं तर कारण काहीही असो, कंपनीने प्रवाशाच्या जेवणाची आणि राहण्याची सोय करायची, असा युरोपचा २००४ सालचा नियम आहे. याच राखेच्या प्रकरणात पुढे २०१३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ज्वालामुखीलाही तो लागू पडतो असं स्पष्ट सांगितलं. आमच्या हातात हॉटेलचं कूपन दिलंही होतं. फक्त हॉटेल काचेच्या पलीकडे होतं. अगदी अडचणीच्या वेळी सीमेवरच व्हिसा देण्याचीही तरतूद आहे म्हणतात, पण त्या खिडकीपर्यंत माझा नंबर काही लागला नाही. कूपन खिशात घेऊन मी विमानतळाने मांडलेल्या खाटेवर झोपलो. विमानतळाला नावं ठेवणार नाही. खाटा, पांघरुणं, खायला-प्यायला सगळं दिलं. पण ज्या गोष्टी यादीत बसत नाहीत त्या कोण देणार?

त्या तुम्ही दिल्यात.

आपली पहिली भेट भांडणाची. आमच्यातल्या एका मुलाने मोजे धुऊन कठड्यावर वाळत घातले होते. तुम्ही गाडी थांबवलीत, मोजे चिमटीत धरून उचललेत आणि जर्मनमध्ये असं काही सुनावलंत की शब्द कळला नाही तरी अर्थ पोचला. तो मुलगा पुरता ओशाळला. तुम्ही निघून गेलात. अर्ध्या तासाने परत आलात ते हातात दोरी आणि कपड्यांचे चिमटे घेऊन. कोपऱ्यात, दोन खांबांच्या मध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी दोरी बांधून दिलीत आणि बोटाने बजावलंत, इथे, तिथे नाही.

मग चार्जरची गोष्ट. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फोनची पिन वेगळी. माझा नोकियाचा चार्जर मोठ्या बॅगेत आणि मोठी बॅग विमानतळाच्या पोटात कुठेतरी. फोन बंद पडला की घरचे काळजीत, ऑफिस रागात आणि विमान कंपनीचा निरोप यायची वाटही बंद. आमच्यापैकी बहुतेकांचं हेच. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर आलात ते एक कापडी पिशवी घेऊन. घरातला खण आणि बहुधा शेजाऱ्यांचेही खण रिकामे करून आणलेल्या वायरींचा तो गुंता होता. गाडीच्या पायरीवर बसून तुम्ही तो सोडवायला घेतलात. एकेक वायर सुटली की तिची पिन डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि खाटेवर मांडायची: बारीक पिन एका रांगेत, जाड पिन दुसऱ्या, चपट्या तिसऱ्या. आम्ही भोवती उभे, हातात मेलेले फोन घेऊन. माझ्या बारीक पिनवाल्या फोनला त्यातलाच एक लागला.

सॉकेटचीही पंचाईत होती. जे दिसत होते त्यांच्यापुढे रांगा. तुम्ही एका खांबाच्या तळाशी असलेलं पत्र्याचं झाकण तुमच्या किल्लीने उघडलंत. आत साफसफाईच्या यंत्रांसाठीचे सॉकेट होते. तिथे फोन लावून घेतलेत आणि समोर 'फरशी ओली आहे, सावकाश चाला' असा पिवळा फलक ठेवून दिलात. फरशी कोरडी ठणठणीत होती. नियमात हे बसत होतं की नाही मला माहीत नाही. एवढी वर्षं उलटून गेल्यावर त्यावरून कुणी तुम्हाला बोल लावणार नाही अशा भरवशावर लिहितोय.

आमच्यात एक आजी होत्या. बर्मिंगहॅमला मुलाकडे निघालेल्या, पंजाबीखेरीज एकही भाषा येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनीही मोठ्या बॅगेत टाकलेल्या. दोन ठिकाणी सांगून झालं होतं, दोन्हीकडे 'बघतो' म्हणाले होते. तुम्ही कुणाला सांगितलंत ते कळलं नाही, पण गाडी तिथेच सोडून चालत गेलात आणि विमानतळाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊनच आलात. डॉक्टर आजींना तपासत होते तेवढा वेळ तुम्ही बाजूला उभ्या होतात, कमरेवर हात ठेवून, आता बघतेच कोण नाही म्हणतं ते, अशा आविर्भावात.

साबण, दाढीचं सामान, बायकांना लागणाऱ्या वस्तू, एकाला वाचायचा चष्मा. रोज संध्याकाळी यादी घ्यायचात, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचात. पैसे दिले की घ्यायचात, पण दुकानाची पावती दाखवून आणि सुटे नाणं न् नाणं मोजून हातात ठेवून. पहिल्यांदा मी 'राहू द्या' म्हटलं तर तुमच्या कपाळाला आठी पडली. हे मला फार आवडलं. उपकार केल्याचा भाव कुठे नव्हता, व्यवहार चोख होता. वायरींचे मात्र पैसे घेतले नाहीत, आणि तुमच्या मुलाचा म्हणून जो धुतलेला शर्ट दिलात त्याचेही नाहीत.

एकदा चहाच्या वेळी, आमच्यातल्या थोडं जर्मन येणाऱ्या एका नर्सच्या मदतीने, तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलंत. १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांचा करार झाला, त्यानंतरच्या लाटेत ते इथे कारखान्यात आले. दोन-चार वर्षांत परत जायचं म्हणून आले ते राहिले. सुरुवातीला तेही असेच कुठल्या कुठल्या खिडकीपुढे शिक्क्याची वाट बघत बसायचे, असं म्हणालात. एवढं सांगून लगेच कप उचललेत आणि खाली सांडलेल्या बिस्किटाच्या चुऱ्यावरून आम्हाला झापलंत.

आणि शेवटी ते काउंटरचं. याच्यासाठी तर हे पत्र आहे.

२० तारखेला ब्रिटनने नियम बदलला. हवेत राखेचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर उडायला हरकत नाही असं ठरलं आणि त्याच रात्री तिकडचं आकाश उघडलं. आम्हाला वाटलं, सुटलो. पण ज्यांचं उड्डाण त्या-त्या दिवशीचं होतं त्यांच्या जागा पक्क्या. आधीच्या दिवसांत अडकलेल्यांनी उरलेल्या जागांवर समाधान मानायचं. म्हणजे जो सगळ्यात आधी अडकला तो सगळ्यात शेवटी. त्यात उरलेल्या जागा कुठल्या काउंटरवर मिळणार हे कुणी धड सांगेना. कुणी म्हणे या टोकाला, कुणी म्हणे त्या. बाहेर हॉटेलात राहिलेले लोक इंटरनेटवर, फोनवर जागा अडवत होते. आम्ही खाटेवर बसून अफवा ऐकत होतो.

तुम्ही मध्यरात्रीनंतर आलात. ती तुमची पाळी नव्हती असं नर्स म्हणाली, मला नक्की ठाऊक नाही. तुम्हाला कुणी गुपित सांगितलं नव्हतं. तुम्हाला एवढाच हुकूम मिळाला होता की बरेच दिवस बंद असलेल्या अमुक एका काउंटरपुढची फरशी पहाटे चारच्या आत करून ठेवा. विमानतळावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. जिथे फरशी आधी होते तिथे माणसं बसणार असतात. तुम्ही आम्हाला एकेकाला पायाला हलवून उठवलंत, सामान उचलायला लावलंत, आजींची चाकाची खुर्ची स्वतः ढकललीत आणि ओल्या फरशीच्या कडेने नेऊन त्या बंद खिडकीपुढे उभं केलंत. अंधारात आम्ही वेड्यासारखे उभे. सहाच्या सुमाराला आतला दिवा लागला. पाठीमागे बघतो तर रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झालेली.

आजींना पहिली जागा मिळाली, नर्सला त्याच विमानात. मला संध्याकाळची.

त्या धांदलीत तुमची पाळी संपली आणि नीट निरोप घेता आला नाही. लंडनला पोचल्यावर विमानतळाच्या पत्त्यावर तुमचं कौतुक करणारं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. तुम्ही ज्या सफाईच्या ठेकेदाराकडे होतात त्याचं नाव मला माहीत नव्हतं, तेव्हा ते पत्र बहुधा कुठल्या तरी खोक्यात पडलं असेल. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. तिथे काम करणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं आणि वर्णनावरून ओळख पटली, तर कृपा करून त्यांना वाचून दाखवा, जर्मनमध्ये किंवा तुर्कीमध्ये.

तुम्हाला थोडी खबरबात द्यायची आहे. आजी मुलाकडे पोचल्या तेव्हा त्याने मला फोन केला होता आणि 'ती गाडीवाली बाई कोण?' असं आधी विचारलं होतं, कारण आजी घरी तेवढंच बोलत होत्या. नर्स वेळेवर कामावर रुजू झाली. आज ती लीड्सला एका वॉर्डची प्रमुख आहे आणि नव्याने परदेशी आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते की औषधं आणि चार्जर हातातल्या बॅगेत ठेवायचे. मोजेवाला मुलगा कॅनडाला गेला. तोही तुमची आठवण काढतो, पण जरा दबकून.

नर्सचा आणि माझा पासपोर्ट मधल्या काळात बदलला. आता त्यावर जर्मनीत यायला व्हिसा लागत नाही. तुम्ही निवृत्त झाला असाल तर घरी येतो, नसाल तर तुमच्या सुट्टीचा वार कळवा. स्टेशनवर उतरून थेट तुमच्याकडे येऊ, विमानतळाच्या आत जायचं कामच नाही.

तुमचा,
बी विभागातल्या खांबाजवळच्या खाटेवरचा, नोकियावाला