बरोबरीचा डाव म्हणजे भित्रेपणा नव्हे

महोदय,

बुद्धिबळातील बरोबरीत सुटणाऱ्या डावांवर टीका करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात स्वीडनचे ग्रँडमास्टर उल्फ अँडरसन यांना ‘कंटाळवाणे’ ठरवले आहे, हे मुळीच पटले नाही. ते अनेक डाव बरोबरीत सोडवत, हे खरे. पण १९७५ साली मिलान येथे, सोव्हिएत खेळाडू अनातोली कार्पोव्ह यांना जगज्जेते झाल्यानंतरचा पहिला पराभव त्यांनीच दाखवला. १९८३मध्ये अँडरसन जागतिक क्रमवारीत चौथे होते. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाविरुद्ध ‘उर्वरित जग’ संघाचा पहिला पट, म्हणजे संघातील अव्वल खेळाडूची जागा, त्यांच्याकडे होती, तोही कार्पोव्ह यांच्यासमोर. असा मान भित्र्या खेळाडूला कोण देईल?

त्यांचे डाव पटावर मांडून पाहावेत. वजिरावजिरी (दोन्ही वजिरांची मारामारी) लवकर होते, डाव समसमान दिसतो; मग एक हत्ती खुल्या, म्हणजे प्यादी नसलेल्या उभ्या पट्टीत येतो, राजा सावकाश मध्यभागी सरकतो आणि प्रतिस्पर्ध्याचे एखादे कमकुवत प्यादे तासन् तास छळले जाते. याला चिकाटी म्हणतात. १९९६मध्ये त्यांनी एकाच वेळी ३१० जणांशी डाव खेळून केवळ दोन गमावले होते. लेखात याचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

– एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली