शिडी टपावर बांधली, हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: छोट्या इलेक्ट्रिक कारला काढता-घालता येणारं कॅरियर बसवलं म्हणून झालेला दंड

महोदय,

सविनय नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला सोलर फिटर आहे. घरांच्या छतावर पॅनेल बसवणं हा गेल्या सात वर्षांचा माझा धंदा. आपला वेळ मोलाचा आहे हे मला कळतं, म्हणून एका पानात आटपायचं ठरवून बसलो होतो. पण मंगळवारी जे झालं ते एका पानात मावत नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊला कोल्हापूर-सांगली रस्त्यावर आरटीओच्या वायुवेग पथकानं, म्हणजे फिरत्या तपासणी पथकानं, माझी गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडी छोटी, बॅटरीवरची, हिरव्या नंबरप्लेटची. टपावर ॲल्युमिनियमचे दोन आडवे बार आणि त्यांवर पट्ट्यांनी आवळलेली बारा फुटी शिडी. गाडी 3.77 मीटर लांब आहे, शिडी 3.66 मीटर. टेप लावून मीच मोजलंय. पुढच्या बंपरच्या बाहेर नाही, मागे नाही, बाजूला तर नाहीच. मागच्या टोकाला लाल फडकंसुद्धा बांधलेलं, कायद्यानं लागत नसताना.

आरसी, विमा, लायसन बघून झालं. सगळं चोख. मग साहेबांनी टपाकडे बोट केलं. "हे कंपनीचं आहे का?" म्हटलं नाही, बाहेरून आणून बसवलंय. "मग हे मॉडिफिकेशन." म्हटलं, साहेब, भोक एकसुद्धा पाडलेलं नाही, दरवाजाच्या चौकटीला क्लॅम्प आहेत, चार बोल्ट ढिले केले की हातात येतं. "येतं ना? मग काढा." आणि पाच हजारांचं चलन फाडलं. वर हेही ऐकवलं, की जास्त बोललात तर बाहेर आलेल्या मालाचं कलम लावीन, त्याचे वीस हजार होतात.

शेजारून ट्रक चालले होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ॲलन-कीनं बोल्ट सोडवले. बार डिकीत तिरके घातले. शिडी कुठे घालणार? शंभर पावलांवर एक रसवंती होती. तिथल्या मावशींना हात जोडले, त्यांनी चरकामागे ठेवून घेतली. आणि मी शिडीशिवाय छतावरच्या कामाला निघालो.

काम एका निवृत्त गुरुजींच्या घरी होतं, दुमजली घर, वर पत्र्याचं शेड. अकरा वाजता वीज कंपनीचा माणूस तपासणीला यायचा होता आणि वरची अर्थिंगची पट्टी जोडायची राहिली होती. अर्ध्या तासाचं काम. गावात बारा फुटी शिडी मिळाली नाही. तो माणूस आला, खालून बघितलं आणि काम अपुरं म्हणून निघून गेला. पुढची तारीख अजून मिळालेली नाही. गुरुजींचं 78,000 रुपयांचं अनुदान त्या तपासणीवर अडकलंय. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आतून चहा मागवला. तो चहा मला गिळला नाही, मंत्रिमहोदय.

आता म्हणाल, अगोदर विचारायचं होतं. विचारलं होतं. बार घेण्याआधी, मार्च महिन्यात, मी आरटीओ कार्यालयात गेलो. खिडकीवर सांगितलं, काढता येण्यासारखं असेल तर काही होत नाही. मी म्हटलं, लेखी द्या. "एवढ्यासाठी लेखी लागत नाही." तरीही अर्ज दिला, आवक शिक्का मारून पोच घेतली. चार महिने उत्तर नाही. मग माहितीच्या अधिकारात विचारलं, की क्लॅम्पवर बसणारं कॅरियर कोणत्या नियमाखाली चालतं किंवा चालत नाही. उत्तर आलं, की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. म्हणजे खिडकीवर तोंडी हो, कागदावर मौन आणि रस्त्यावर पाच हजार. खातं एकच. त्यातल्या कोणत्या तोंडाचं ऐकायचं होतं मी?

मग मी कायदाच वाचायला घेतला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, की आरसीतला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. त्याच कलमाखाली 'बदल' म्हणजे काय तेही स्पष्ट करून ठेवलंय: गाडीच्या रचनेत असा फरक, ज्यानं तिचं मूळ स्वरूप पालटतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे पाळायला सांगितलं, तेही वाचलं आणि मला ते मान्य आहे. सायलेन्सर फोडून बोंबलत फिरणारे, चाकं बाहेर काढणारे यांना धराच. पण माझ्या आरसीतलं काय बदललं? रंग तोच, चेसिस नंबर तोच, मोटार तीच, सीटा तेवढ्याच. वजनाचा मुद्दा काढाल, तर बार पाच किलो आणि शिडी चौदा किलो. पहिलीतल्या पोराचं वजन साधारण एवढंच असतं. आणि शिडी हा तर माल झाला, ती गाडीचा भाग कधीपासून झाली? या कलमाच्या उल्लंघनाला 2019 च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दोन बार हे दोन बदल धरायचे का एक, हे मी त्या साहेबांना विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

बार का बसवले ते सांगतो, कारण हौस म्हणून बसवलेले नाहीत. माझं काम मोटरसायकलवर सुरू झालं. मी चालवायचो, मागे मदतनीस पोरगा, त्याच्या खांद्यावर शिडी. सगळे फिटर असेच जातात, आजही बघाल. 2022 च्या पावसाळ्यात एका वळणावर शिडीचं मागचं टोक टेम्पोला घासलं. पोरगा शिडीसकट फिरला आणि खाली आला. उजवं मनगट मोडलं. दोन महिने तो घरी होता. त्याच्या आईसमोर उभा राहिलो तेव्हा तिनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, हात पहिल्यासारखा होईल ना? ड्रिल धरताना त्याचं ते मनगट अजून दुखतं.

त्यानंतर ठरवलं, दुचाकीवर शिडी न्यायची नाही. कर्ज काढून ही गाडी घेतली. घरच्या पॅनेलवर चार्ज होते, तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या कामांना पुरून उरते. इलेक्ट्रिक गाडीला वाहनकर माफ केला, त्याबद्दल सरकारचे आभार मी आधीही मानलेत, आताही मानतो. पहिले काही महिने घडीची शिडी आतून नेली. डाव्या बाजूची सीट आडवी करायची, शिडी डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत घालायची. तिची कड माझ्या डाव्या कानाशी. जरा जोरात ब्रेक दाबला की सरकायची. एकदा भुवईवर बसली, तीन टाके पडले. पोरगा तेव्हा एसटीनं यायचा, कारण त्याला बसायला जागाच उरायची नाही. आणि पत्र्यावर चढायला ती घडीची शिडी कामाची नाही, बिजागरीत हलते. म्हणजे डोक्याशेजारी मोकळी शिडी घेऊन गाडी चालवली तर मी कायदेशीर, तीच टपावर चार ठिकाणी बांधली तर गुन्हेगार. मला कुणीतरी हे समजावून सांगा.

कोल्हापूरला उद्यमनगरात एक जण म्हणाला, थेट पाइपाचं कॅरियर वेल्ड करून देतो, पंधराशे रुपयांत. नाही म्हटलं. टपाला भोक पाडलं की गंज आणि गळती ठरलेली, आणि कंपनीची वॉरंटीही जाते. जुन्या ॲम्बॅसडरला, पद्मिनीला टपाच्या कडेनं पन्हळ असायची, तिला कॅरियर अडकवता यायचं. आताच्या गाड्यांना ती पन्हळ नाही. म्हणून महागातले क्लॅम्पचे बार घेतले, रबराच्या गादीसह. दर सोमवारी बोल्ट तपासतो. साठच्या वर वेग नेत नाही, कारण वेग वाढतो तसा वाऱ्याचा विरोध त्याच्या वर्गानं वाढतो आणि बॅटरी तिथेच संपते. पूर्ण चार्जवर माझी गाडी 190 किलोमीटर जायची, शिडी बांधून 165 जाते. ते पंचवीस किलोमीटर मी आनंदानं सोडले, पोराच्या मनगटासाठी.

धोका नसतो असं मी म्हणत नाही. टपावर मण-दोन मण ओझं चढवलं तर छोटी गाडी वळणावर झुकणार, बॅटरी तळाशी असली तरी झुकणार. म्हणून तर टपावर किती वजन चालेल तो आकडा हवा. माझ्या गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी दोनदा वाचून काढलं. टायरच्या हवेपासून वायपरच्या रबरापर्यंत सगळं आहे, टपाच्या वजनाचा आकडा नाही. बीएमडब्ल्यूच्या आय3 या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला टपावर काहीही लावायचं नाही, असं कंपनीचंच सांगणं आहे. तसं स्पष्ट 'नाही' मला मिळालं असतं, तर मी दुसरी गाडी घेतली असती. आमच्याकडे हो पण नाही आणि नाही पण नाही.

आणि त्याच रस्त्यावर, मंत्रिमहोदय, गळिताच्या हंगामात काय चालतं ते आपल्याला ठाऊक नाही का? एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हीकडून ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधारात त्या ट्रॉलीवर मागून धडकून किती घरातली माणसं गेली! वडापच्या जीपांच्या टपावर माणसं बसलेली मी लहानपणापासून बघतोय. गाड्यांच्या पुढचे लोखंडी गार्ड काढायला लावा, असं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं. ते गार्ड आजही दिसतात, आणि बहुतेक कुणाच्या गाड्यांना दिसतात ते मी लिहीत नाही, आपणच सभेला जाता तेव्हा पार्किंगमध्ये बघा. तिथे वायुवेग पथक जात नाही. ते माझ्याकडे येतं, कारण मी थांबतो, कागद दाखवतो, साहेब म्हणतो, आणि मला फोन करायला कुणी नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रानं एक कोटी घरांवर सोलर बसवायची योजना आणली. ती घरं कोण चढणार आहे? मंत्रालयातून कुणी येणार आहे का? माझ्यासारखे फिटर चढणार, आणि चढायला शिडी लागते. माझ्या हातून आजवर दोनशेच्या वर छतं झाली. सरासरी तीन किलोवॅट धरा, सहाशे किलोवॅट होतात. राज्याचं 2025 चं इलेक्ट्रिक वाहन धोरणही मी वाचलंय. 1,993 कोटींची तरतूद, 2030 पर्यंत नव्या गाड्यांपैकी 30 टक्के इलेक्ट्रिक. टोलमाफी अटल सेतूवर, मुंबई-पुणे द्रुतगतीवर, समृद्धीवर. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाचं रोजचं जाणं-येणं यातल्या कोणत्या रस्त्यानं होतं? इलेक्ट्रिक गाडी म्हणजे मुंबई-पुण्याच्या साहेबानं ऑफिसला न्यायची वस्तू, असं धरूनच हे धोरण लिहिलंय. तिच्यावर कुणी पोट भरत असेल, शिडी बांधत असेल, पाइप बांधत असेल, हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलेलं नाही. आम्हाला सांगितलं पेट्रोल सोडा, सोडलं. छतावर वीज करा, केली. आणि आता म्हणता शिडी डोक्यावर घेऊन चालत जा.

माझं मागणं मोठं नाही. भोक न पाडता बसणारं, काढता येणारं कॅरियर हा कलम 52 खालचा बदल नाही, असं एक परिपत्रक काढा आणि ते प्रत्येक पथकाच्या हातात द्या. त्यात वजनाची मर्यादा घाला, उंचीची घाला, वेगाची घाला, सगळ्या पाळतो. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीच्या माहितीपुस्तकात टपावरच्या वजनाचा आकडा छापायला लावण्यासाठी केंद्राकडे लिहा, मग तो आकडा शून्य का असेना. आणि माझ्या मार्चमधल्या अर्जाला उत्तर द्या. त्याची पोच या पत्रासोबत जोडली आहे.

चलन मी भरलेलं नाही. लोकअदालतीत अर्धं माफ होतं, तिथे भरून टाक, असं चार जणांनी सांगितलं. अर्धं माफ करून घ्यायचं म्हणजे अर्धा गुन्हा कबूल करायचा, ते मी करणार नाही. कोर्टात जाईन. एक दिवसाची मजुरी बुडेल, दोन दिवसांची बुडेल, बुडू दे.

शिडी अजून मावशींच्या रसवंतीत चरकामागे उभी आहे. शुक्रवारी कवठेमहांकाळला काम आहे, घर दुमजली आहे आणि पोरगा म्हणतोय, मोटरसायकलवरून नेऊ, मी धरतो. त्याला मी काय सांगू, तेवढं शुक्रवारच्या आत कळवावं.

आपला,
एक सोलर फिटर
जि. सांगली

सोबत: मार्चमधल्या अर्जाची पोच, माहिती अधिकारातलं उत्तर, चलनाची प्रत, शिडी बांधलेल्या गाडीचे दोन फोटो