‘आधी सगळी पिशवी घेऊन या’ म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स.न.वि.वि.

नागपूरच्या धंतोलीतल्या तुमच्या औषधांच्या दुकानात गर्दी कधी हटत नाही आणि काउंटरवर दोन शब्द धड बोलता येत नाहीत, म्हणून लिहून कळवतो आहोत. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते गाळलं आहे. पत्र मात्र उघडं ठेवलं. तुम्ही जे सांगता ते मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतून चिठ्ठी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

कॅल्शियम मागायला आलेल्याला तुम्ही लगेच कॅल्शियम काढून देत नाही. “घरी जे जे चालू आहे ते पिशवीत घालून आणा,” म्हणता. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या, मुलाने पाठवलेला मल्टिव्हिटॅमिनचा डबा, शेजारणीने सुचवलेलं अश्वगंधा, अर्ध्या उरलेल्या पट्ट्या, सगळं. मग एकेक मांडून कोणती कोणाच्या आड येते ते बघता. आमच्या पाहण्यात असं करणारे फार थोडे आहेत.

सगळ्यात मोठा घोळ थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, आणि कॅल्शियमचा. दोन्ही सकाळच्या चहाबरोबर घेतल्या जातात. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतं, टीएसएच (थायरॉइड कमी पडतो तेव्हा वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) चढतो, आणि थायरॉक्सिनचा डोस वाढवला जातो. चुकलेली असते ती फक्त वेळ. तुमच्या चिठ्ठीतला क्रम आता अनेकांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे: उठल्याबरोबर थायरॉक्सिन साध्या पाण्याने, पुढे अर्धा ते एक तास चहा नाही, तर्री-पोहे नाहीत, आणि कॅल्शियम किंवा लोह किमान चार तासांनी. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच, कारण त्याला जठरातलं आम्ल लागतं. जे रोज ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतात त्यांच्या पोटात आम्लच कमी. त्यांना तुम्ही डॉक्टरांकडे कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटची चौकशी करायला पाठवता. पाकिटावरचा १२५० हा आकडा कार्बोनेटचा असतो, त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, आणि एका वेळी त्याहून जास्त नीट शोषलं जात नाही, हेही तुम्ही दाखवून देता. दोन गोळ्या सांगितल्या असतील तर एक दुपारच्या जेवणात, एक रात्रीच्या.

टीएसएचवरून केसांच्या गोळ्या आठवल्या. त्यांत बायोटिन हे व्हिटॅमिन बऱ्याचदा १० मिलिग्रॅम असतं. काही लॅबच्या तपासणी पद्धतीत ते मध्ये येतं आणि टीएसएच खोटाच कमी, टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) खोटाच जास्त दिसतो. थायरॉइड बरा असूनही बिघडल्यासारखा रिपोर्ट येतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी थांबवा आणि लॅबवाल्यांना सांगा, हे तुम्ही बिलाच्या मागे लिहून देता.

व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुडीबाबत तुमचं कडक बोलणं काहींना लागतं. आम्हाला ते पटतं. ही पुडी आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा महिन्याला एक. ‘व्हिटॅमिनच आहे’ म्हणून रोज घेणारे लोक आहेत. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. डी फार साठून रक्तातलं कॅल्शियम वाढलं की तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडावर ताण. म्हणून पुडीवर तुम्ही ‘रविवार’ असं मोठ्या अक्षरात लिहिता आणि तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्यायला सांगता. असा एक शब्द लिहायला पाच सेकंद लागतात आणि त्याने केवढं नुकसान टळतं!

मधुमेह असणाऱ्यांच्या वतीने वेगळे आभार. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात आणखीच. तळपायाला मुंग्या आल्या की ‘साखरेमुळे’ म्हणून विषय संपतो, पण बी-१२ च्या कमतरतेतही अगदी अशाच मुंग्या येतात. तुम्ही पातळी तपासायला सांगता, आणि ती माहीत नसताना नुसतं फॉलिक ॲसिड चालू ठेवू नका म्हणता. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची इजा आतून चालूच राहते. नसांच्या गोळ्यांची नावं तर इतकी सारखी की एका पट्टीत फक्त मेकोबालामिन (बी-१२ चाच एक प्रकार) १५०० मायक्रोग्रॅम, आणि जवळपास त्याच नावाच्या दुसरीत सोबत नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम. ही दुसरी घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो. दोन डॉक्टरांकडून दोन्ही लिहून आल्या तर तुम्ही फोन करून विचारता. बी-६ जास्त मात्रेत फार काळ घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात, हे तर कितीतरी जणांना तुमच्याकडूनच कळलं.

विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार घरोघरी ऐकू येतो, तिथे लोहाच्या गोळीबद्दलची तुमची सावधगिरी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. अंगात रक्त कमी म्हणजे लोहाची गोळी, एवढंच लोकांना ठाऊक. लाल पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये १० ते २० दिवसांत फुटते. तिच्यातलं लोह अंगातच राहतं, रक्त चढवलं असेल तर आणखी साठतं. म्हणून फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाची तपासणी) पाहिल्याशिवाय लोह नाही; फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं चुकवायचं नाही, कारण नव्या पेशी सतत बनवाव्या लागतात. ज्यांना लोह खरंच हवं आहे त्यांना तुम्ही रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर किंवा संत्र्याबरोबर घ्यायला सांगता, आधी-नंतर तास-दोन तास चहा-दूध नाही. पोटाला सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून दिवसाआड. एका गोळीनंतर लोह अडवणारं हेप्सिडिन दिवसभर वाढलेलं असतं, त्यामुळे दिवसाआड घेऊन फारसं वाया जात नाही.

मुतखडा होऊन गेलेल्याला चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या व्हिटॅमिन सी गोळ्या रोज देत नाही, एक संत्रं खा म्हणता. बरोबरच आहे.

आणि उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गाडीच्या डिक्कीत तासभर राहिलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटलेल्या निघतात. खवट वास आला तर टाकून द्या, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता. गोळ्या स्वयंपाकघरात गॅसजवळ नकोत, फ्रिजच्या दारातही नकोत, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा.

डब्यावर १४ आकडी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असा इशारा असेल तर ते अन्नपूरक आहे, डॉक्टरांच्या गोळीच्या जागी चालणार नाही, हे वाचायलाही तुम्हीच शिकवलंत.

येत्या शनिवारी आमच्यातल्या तिघांच्या पिशव्या घेऊन येतो. एका पिशवीत हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आहेत आणि त्या घरात रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तुम्ही बघेपर्यंत त्या उघडलेल्या नाहीत.

आपले,
फुटाळा तलावावर सकाळी फिरणारी मंडळी, नागपूर