वेधशाळांच्या सामायिक वेळापत्रकाविषयी केंद्रीय विज्ञान राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार),
नवी दिल्ली

विषय : देशातील वेधशाळांची निरीक्षणांची वेळापत्रके एकमेकांशी जोडणारी संगणक प्रणाली उभारण्याबाबत

महोदय,

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा खगोलशास्त्राच्या संशोधनात काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला जो आनंद झाला, त्या आनंदापोटीच हे पत्र लिहीत आहे. लायगो गुरुत्वीय लहरी, म्हणजे प्रचंड वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाशात उठणारे तरंग, टिपते. त्या लहरी ज्या घटनेतून निघाल्या ती आकाशात नेमकी कोठे घडली, हे मात्र प्रकाशाच्या, क्ष-किरणांच्या आणि रेडिओ लहरींच्या दुर्बिणींनीच शोधावे लागते, आणि तो शोध एकट्या दुर्बिणीचे काम नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची खूण अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या शोधकांत उमटली, तेव्हा भारतात सायंकाळचे ६ वाजून ११ मिनिटे झाली होती. व्हर्गोची नोंद मिसळून आकाशाचा शोधायचा भाग सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत आकुंचित झाला, पण तो नकाशा खगोलशास्त्रज्ञांच्या हाती पडला आपल्याकडील रात्री अकरानंतर. घटना वासुकी तारकासमूहातील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत घडली होती आणि ऑगस्टमध्ये तो भाग सूर्यास्तानंतर दोनएक तासांतच आपल्या क्षितिजाखाली जातो. त्यामुळे पहिला प्रकाश टिपण्याचा मान चिलीतील दुर्बिणींना मिळाला. पुढे त्याच स्रोताची कमी कंप्रतेची रेडिओ निरीक्षणे पुणे जिल्ह्यातील आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही केली. त्या वेळी भूगोल आपल्या बाजूने नव्हता. पुढच्या वेळी तो असेल, कारण अटलांटिकमधील कॅनरी बेटे आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात रात्र असते तेव्हा आकाशाकडे पाहणाऱ्या मोठ्या दुर्बिणी मोजक्याच आहेत, आणि त्यांतील महत्त्वाच्या आपल्याकडे आहेत. त्या वेळी आपली तयारी कशी असेल, याची मला काळजी वाटते.

या काळजीला माझ्या अनुभवाचा आधार आहे. विद्यार्थिदशेत मी एका कृष्णविवराभोवतीच्या द्रव्याचा अभ्यास करीत होतो. त्यासाठी एकाच रात्री, शक्य तर एकाच तासात, प्रकाशाची आणि रेडिओची निरीक्षणे हवी होती. दोन वेधशाळांकडे दोन वेगळ्या नमुन्यांत अर्ज केले, दोन समित्यांनी ते स्वतंत्रपणे तपासले, दोघींनीही वेळ उदारपणे मंजूर केला, आणि दिलेल्या तारखांत नऊ दिवसांचे अंतर निघाले. तारीख बदलून मिळावी म्हणून फोन आणि ईमेल चालू असतानाच स्रोत मंदावला. चूक कोणाचीच नव्हती. एका समितीला दुसरीचे वेळापत्रक दिसेल अशी जागाच कोठे नव्हती.

वेळापत्रक जुळवणे म्हणजे तारखांचा तक्ता भरणे, असा समज होऊ नये. लक्ष्य कोणत्या वेळी पुरेसे उंच असेल, चंद्र किती जवळ असेल, दुर्बिणीवर त्या रात्री कोणते उपकरण बसवलेले आहे, या सर्वांचा हिशेब त्यात येतो. त्यात आपला मान्सून. देवस्थळ (उत्तराखंड), माउंट अबू (राजस्थान) आणि गिरवली (पुणे जिल्हा) येथील दुर्बिणी पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागतात. लडाखमधील हान्ले पर्जन्यछायेत असल्याने तेथे त्या काळातही काम होऊ शकते, आणि जीएमआरटीला तर ढगांचा किंवा दिवसाच्या उजेडाचाही अडसर नसतो. म्हणजे वर्षातील काही महिने दृश्य प्रकाशातील निरीक्षणांचा बहुतेक भार हान्लेवर पडतो, आणि नेमकी कोणती निरीक्षणे तेथे आधी व्हावीत हे ठरवायला सगळ्यांचे नियोजन एकत्र पाहावे लागते. आणखी एक बाब. शोधायचा भाग मोठा असेल तर आधी कोणी कोठे पाहिले हे कळणे आवश्यक असते, अन्यथा चार दुर्बिणी एकाच दीर्घिकेकडे रोखल्या जातात आणि उरलेले आकाश तसेच राहते.

ही कामे करणारी प्रणाली कल्पनेतली नाही. अमेरिकेतील लास कुंब्रेस वेधशाळा ही संस्था अनेक खंडांवरील आपल्या दुर्बिणी एकाच वेळापत्रकावर चालवते. एका ठिकाणी ढग आले की संगणक उरलेल्या दुर्बिणींचे गणित नव्याने मांडतो आणि शक्य ते काम दुसरीकडे वळवतो. हेच तंत्र वापरून चिलीतील सोअर आणि जेमिनी या मोठ्या दुर्बिणी एका जाळ्यात आणल्या गेल्या आहेत, आणि त्यामागील बरीचशी आज्ञावली मुक्त स्रोत आहे. वेधशाळांनी आपली झालेली आणि ठरलेली निरीक्षणे कोणत्या स्वरूपात जाहीर करावीत, याचा प्रमाणित नमुनाही इंटरनॅशनल व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी अलायन्स या खगोलीय माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये मान्य केला आहे. त्या अलायन्समध्ये भारत सुरुवातीच्या वर्षांपासून आहे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून खगोलीय माहितीचे आलेख काढणाऱ्या व्हीओप्लॉटसारखी साधने तयार केली, जी देशाबाहेरही वापरली गेली. हे काम करण्याची क्षमता आपल्या घरात आहे, हे मी आग्रहाने सांगतो.

अडचण तंत्राची कमी आणि खात्यांची अधिक आहे. हान्ले, तमिळनाडूतील कावलूर आणि देवस्थळ आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या संस्थांकडे, जीएमआरटी अणुऊर्जा विभागाकडे, माउंट अबू अंतराळ विभागाकडे, तर गिरवली आयुकामार्फत शिक्षण मंत्रालयाकडे. यांपैकी पहिल्या तिन्ही विभागांचे राज्यमंत्रिपद आपल्याकडे आहे. त्यामुळे हे पत्र आपल्यालाच लिहिणे मला योग्य वाटले.

प्रत्येक वेधशाळेच्या वेळवाटप समितीचा अधिकार जसाच्या तसा राहावा. कोणाला वेळ द्यायचा हे शास्त्रज्ञांनीच ठरवावे, आणि दुर्बिणीचे नियंत्रण दिल्लीतील एखाद्या केंद्राकडे जाऊ नये. मागणी एवढीच आहे, की प्रत्येक वेधशाळेने आपले नियोजन वर सांगितलेल्या प्रमाणित नमुन्यात प्रसिद्ध करावे, संयुक्त निरीक्षणांचा अर्ज एकदाच करता यावा, आणि अकस्मात घटना घडल्यास आधीचे काम कोणी, किती वेळ थांबवायचे याचे नियम अगोदर लिहून ठेवावेत. ऐन रात्री संचालकांची परवानगी शोधत बसण्याइतका वेळ त्या घटना देत नाहीत. चिलीतील रूबिन वेधशाळा पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर आकाशातील बदलांच्या एका रात्रीत १ कोटीपर्यंत सूचना देऊ शकेल. त्यांतून आपल्या दुर्बिणींसाठी योग्य त्या निवडणे माणसाच्या हातून होणारे नाही.

मनुष्यबळाबाबत थोडे अधिक लिहितो, कारण असे प्रयत्न बहुधा तेथेच मोडतात. विद्यार्थ्याने प्रबंधासाठी लिहिलेली आज्ञावली तो गेल्यावर कोणी सांभाळत नाही. या कामासाठी संगणक अभियंत्यांची कायम पदे निर्माण करावीत आणि त्यांना शास्त्रज्ञांच्या बरोबरीची पदोन्नती मिळावी. दुर्बिणीच्या आरशाच्या तुलनेत हा खर्च अल्प आहे.

औंढा येथील शोधक या दशकाच्या अखेरीस सुरू व्हावा, असे उद्दिष्ट आहे. अशी प्रणाली उभारून, पावसाळ्यासह एकदोन वर्षे वापरून तिच्यातील दोष दूर करायला लागणारा काळ पाहता आरंभ आताच व्हायला हवा. या सर्व वेधशाळांच्या संचालकांची आणि वेळवाटप समित्यांच्या अध्यक्षांची बैठक आपण येत्या काही महिन्यांत बोलवावी, आणि तिचे निमंत्रण शिक्षण मंत्रालयालाही पाठवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक माजी संशोधक, पुणे