आधी विचारा, हे असंच का करतो आपण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिशेब, खरेदी, स्टोअर्स सांभाळणारं नवीन सॉफ्टवेअर घेणाऱ्या कंपन्यांवर तुमच्या पेपरात जो लेख आला तो वाचला. लेखकाचं म्हणणं असं की सॉफ्टवेअर धंद्याप्रमाणे वाकलं पाहिजे, धंद्याने सॉफ्टवेअरपुढे वाकायचं कारण नाही. वाचायला छान वाटतं, मालक लोकांना तर फारच आवडेल, पण मी बरीच वर्षं अकाउंट्स आणि स्टोअर्समध्ये काढलीत आणि असे बदल आतून बघितलेत, म्हणून सांगतो की शंभरातल्या बहुतेक ठिकाणी हा सल्ला महागात पडतो.

होतं काय, की डेमो झाला की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं "आमची पद्धत वेगळी आहे" आणि मग यादी सुरू होते, हा रिपोर्ट असाच पाहिजे, ही सही तिसऱ्या साहेबांचीच पाहिजे, परचेस ऑर्डरला अजून चार कॉलम पाहिजेत. आता यातल्या एकेका गोष्टीला नुसतं "का?" विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर मिळतं की आधीपासून असंच आहे. ती तिसरी सही सुरू झाली कारण कधीकाळी काहीतरी घोटाळा झाला होता, तो करणारा गेला, पकडणारा रिटायर झाला, सही मात्र मागील पानावरून पुढे चालू. आणि आपण पैसे देऊन डेव्हलपरकडून ती सही नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोड करून घेतो!

लिडल ही जर्मन सुपरमार्केट कंपनी घ्या. त्यांनी २०११ च्या सुमारास सॅपचं (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं जर्मन सॉफ्टवेअर) काम सुरू केलं आणि २०१८ मध्ये ते बंद करून टाकलं, तोपर्यंत साधारण ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. कारणं अनेक असणार, पण एक कारण तेव्हा खूप गाजलं, लिडल मालाच्या साठ्याची किंमत खरेदीभावाने धरायची आणि सॅपचं तयार सॉफ्टवेअर विक्रीभावाने धरत होतं. कंपनी आपली पद्धत सोडेना म्हणून सॉफ्टवेअर बदलायला घेतलं, आणि साठ्याची किंमत ही गोष्ट अशी आहे की ती एका स्क्रीनपुरती राहत नाही, खरेदी, विक्री, नफा, ताळेबंद सगळीकडे तिचे धागे जातात, त्यामुळे एक ठिकाणी हात घातला की दहा ठिकाणी उसवतं.

खरं दुखणं तर पहिल्या बिलाचं नाहीच, ते नंतरचं असतं. सॅपमध्ये कंपन्यांनी स्वतः लिहून घेतलेल्या प्रोग्रामची नावं झेड किंवा वायने सुरू होतात, म्हणून त्या लाइनमधली माणसं त्यांना सरळ झेड प्रोग्राम म्हणतात. जुन्या कंपन्यांमध्ये असे झेड प्रोग्राम ढिगाने सापडतात, लिहिणारा दुसरीकडे गेलेला, कागद नाहीत, आणि काही तर वर्षानुवर्षं कोणी चालवलेलेही नसतात. आता सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे ईसीसीचा, नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय (जादा पैसे भरले तर २०३० पर्यंत), त्यामुळे एस/४हाना या नव्या आवृत्तीवर जाताना हे एकेक प्रोग्राम उघडून बघायला लागतात, ठेवायचा की फेकायचा, कोणाला विचारायचं, आणि विचारायला माणूसच नाही. आणि क्लाउडवर, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्याच सर्व्हरवर इंटरनेटवरून चालतं तिथे, तर बहुतेक वेळा मूळ कोडला हातच लावता येत नाही, ओरॅकल फ्यूजनला (सॅपसारखंच दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर) दर तिमाहीला अपडेट येतं, ते तुमच्या सोयीसाठी थांबत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे कारण विकणारे ती मुद्दाम गोलमाल ठेवतात. टॅक्सचे दर भरणं, कोणाला किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार ते ठरवणं, इनव्हॉइसचा फॉरमॅट निवडणं हे सेटिंग झालं, सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असतेच आणि ती बिनधास्त वापरावी. कोड लिहून सॉफ्टवेअरची वागणूकच बदलणं हे वेगळं प्रकरण. विकताना म्हणतात "सगळं होईल साहेब" आणि गिऱ्हाइकाला वाटतं सेटिंगमध्ये होईल, नंतर कळतं की प्रत्येक गोष्टीचं माणशी दिवसावर बिल लागणार आहे. कन्सल्टंटचं पोट त्याच्यावरच चालतं, तो कशाला नाही म्हणेल.

पण म्हणून मी दुसऱ्या टोकाला जात नाही. "बेस्ट प्रॅक्टिस आहे, मुकाट्याने घ्या" म्हणणारेही भेटतात, आणि ती बेस्ट कोणासाठी हे ते सांगत नाहीत. तुमचं गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी तुमच्याकडे येतं, समजा ऑर्डर दिल्यावरही शेवटपर्यंत बदल करू देता म्हणून येतं, तर ती गोष्ट स्टँडर्डच्या, म्हणजे सॉफ्टवेअर जसं मिळतं तसंच वापरायच्या, नादात घालवली तर मग स्पर्धकात आणि तुमच्यात फरक काय राहिला? ती ठेवायची, भले खर्च होऊ दे, शक्यतो मूळ सॉफ्टवेअरच्या बाहेर वेगळा तुकडा जोडून. तसंच कायदा आणि कामगारांबरोबरचे करार, ते काय सॉफ्टवेअर सांगतं म्हणून बदलता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये नवीन पगार सिस्टिम सुरू केली तेव्हा हेच झालं, पगाराचे नियम इतके गुंतागुंतीचे की त्यासाठी प्रचंड बदल करावे लागले, आणि नर्स-डॉक्टरांना कोणाला कमी पगार, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. एकूण भुर्दंड १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेला. नियम आधी सोपे करून घ्यायला युनियनबरोबर बसावं लागलं असतं, ते अवघड काम, पण कोडमध्ये ते सुटेल असं मानणं त्याहून अवघड निघालं.

उलट सगळं स्टँडर्ड घेतलं म्हणजे झालं असंही नाही बरं का. हर्शे या अमेरिकेतल्या चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत उरकायला घेतलं, १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन हॅलोविनच्या (ऑक्टोबरअखेरचा सण, तेव्हा चॉकलेट-गोळ्या खूप खपतात) ऑर्डरी येण्याच्या वेळी नवीन सिस्टिम चालू केली आणि सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेत पोचवता आला नाही. गोदामात माल होता! तिथे घाई नडली, त्याचं खापर कस्टमायझेशनवर, म्हणजे कोड लिहून केलेल्या बदलांवर, फोडण्यात अर्थ नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं (नगरपालिका म्हणजे धंदा नव्हे, मान्य, पण दुखणं तेच). तिथे १९९९ पासून सॅप होतं, एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल आणलं. बँकेच्या नोंदी जुळवायच्या भागात स्वतःचे बदल करून घेतले आणि नेमकी तीच जुळवाजुळव कोसळली, पैसे आले पण कुठल्या खात्यात टाकायचे कळेना, माणसं बसवून हाताने नोंदी करायची वेळ आली. सुरुवातीचा अंदाज १.९ कोटी पौंडांचा, तो १० कोटींच्या वर गेला, आणि शेवटी निर्णय काय, तर तेच सॉफ्टवेअर पुन्हा नव्याने बसवायचं, यावेळी जसं मिळतं तसं. म्हणजे जे आधीच तयार मिळत होतं तिथे एवढे पैसे घालवून परत यायचं.

माझं म्हणणं एवढंच की बदल मागणाऱ्याने कारण लेखी द्यावं, आणि ते कारण गिऱ्हाईक, कायदा किंवा करार यातलं नसेल तर महिना दोन महिने स्टँडर्डवर काम करून मग परत मागावं. तेव्हा एंट्री करणारी पोरं काय म्हणतात ते ऐकावं, कारण ती जर गुपचूप बाजूला एक्सेल ठेवून काम करत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये खरंच काहीतरी कमी आहे आणि तिथे बदल केलाच पाहिजे. आणि मंजूर झालेल्या बदलाचा खर्च, पुढच्या प्रत्येक अपग्रेडच्या वेळचासुद्धा, मागणाऱ्या खात्याच्या बजेटमधून जावा, आयटीच्या नाही. कॉलम वाढवून मागणाऱ्या साहेबांना हे आवडणार नाही, पण चालेल.

आपला,
एक नियमित वाचक