कंपायलर काय म्हणतोय ते वाचा की आधी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ॲडमिशनचा सीझन आला की तुमच्या करिअरच्या पानावर कोडिंग शिका, आयटीत जा, एवढं पॅकेज तेवढं पॅकेज असं सगळं छापून येतं, मी वाचतो आणि कात्रण काढून क्लासच्या बोर्डावर पण लावतो. पण ॲडमिशन झाल्यावर दीड-दोन महिन्यात त्या पोरांचं काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी साताऱ्यात १६ वर्षं झाली सी लँग्वेजचा छोटा क्लास घेतोय, दोन खोल्या, नऊ कॉम्प्युटर, त्यातले सात चालू. डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी, इंजिनिअरिंग सगळीकडची पोरं येतात, आणि निम्म्याहून जास्त जर्नल सबमिशनच्या आदल्या आठवड्यातच उगवतात.

येताना सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "सर, प्रोग्राम चालत नाही." बरं, एरर काय आलाय? "माहीत नाही सर, लाल लाल काहीतरी येतंय." म्हणजे डॉक्टरकडे जाऊन नुसतं दुखतंय म्हणायचं आणि कुठे ते सांगायचंच नाही, तसं. आता ती लाल अक्षरं म्हणजे कंपायलरचा (आपला प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा) निरोप असतो, त्यात फाईलचं नाव, ओळ नंबर आणि काय चुकलंय ते बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेलं असतं. पण पहिल्या प्रॅक्टिकलपासून ते कसं वाचायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं, बोर्डावरचा प्रोग्राम उतरवायचा, आउटपुट आलं की सही, नाही आलं की शेजारच्याचं घ्यायचं. माझी तक्रार म्हणाल तर एवढीच आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी रात्री पावणेनऊला आली, मी शटर ओढायच्या बेतात होतो, डोळ्यात पाणी. ४३ एरर. सगळा प्रोग्राम पुसून परत टाइप केला होता तिने, दोनदा. मी म्हटलं अगं सगळ्यात वरचा एरर वाच, बाकीच्यांकडे बघू पण नकोस. वरती लिहिलेलं होतं, अमुक ओळीत सेमीकोलन (;, म्हणजे सीमधला पूर्णविराम) अपेक्षित होता. तो सेमीकोलन टाकला, आणि खाली एका फंक्शनचा (प्रोग्रामच्या एका तुकड्याचा) महिरपी कंस बंद केलेला नव्हता तो केला, ४३ चे शून्य. एका ठिकाणी कंस राहिला की कंपायलरचा पुढचा सगळा हिशोब चुकतो आणि तो बिचारा पुढच्या चांगल्या ओळींवर पण ओरडत सुटतो, त्यामुळे पहिला एरर दुरुस्त करायचा आणि लगेच परत कंपाईल करायचं, पन्नास एरर आहेत म्हणजे पन्नास चुका आहेत असं अजिबात नसतं. अजून एक, जुने कंपायलर सेमीकोलन राहिला की त्याच्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवतात कारण पुढचा शब्द वाचेपर्यंत त्यांना कळतच नाही की वाक्य संपायला हवं होतं. पोरं त्या ओळीकडे टक लावून बसतात, तिच्यात काहीच चूक नसते, मग वैतागतात. एक ओळ वर बघा रे. हल्लीचं जीसीसी (हाही एक कंपायलरच) तर जिथे सेमीकोलन हवा तिथेच बाण काढून दाखवतं, आता याहून जास्त त्याने काय करायचं.

दुसरा प्रकार व्हॉट्सॲपचा. सर पीडीएफ पाठवतात, पोरं त्यातून कॉपी पेस्ट करतात, आणि मग "स्ट्रे बॅकस्लॅश ३४२ इन प्रोग्राम" असले एरर येतात, एकदा ३४२, एकदा २००, एकदा २३४. मला एकाने विचारलं की सर ही काय व्हायरसची भानगड आहे का. तसं काही नाही, वर्डमध्ये टाइप केलं की सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात, दिसायला छान पण कंपायलरला ती ओळखता येत नाहीत, आणि ते एक वाकडं चिन्ह कॉम्प्युटरमध्ये तीन बाइटचं असतं म्हणून तीन तीन आकडे. चिन्हं पुसून कीबोर्डवरून परत टाइप केली की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्याच्यापायी पोरगं विंडोज फॉरमॅट मारून आलं होतं, शप्पथ.

मग येतो लिंकर, कंपायलरनंतर प्रोग्रामचे सगळे तुकडे जोडणारा. हा तर कोणाच्या गावीच नसतो, कारण कॉलेजातल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये एक बटण दाबलं की सगळं एकदम होतं आणि पोरांना वाटतं की कंपाईल म्हणजेच सगळं. मी लग्नाचं उदाहरण देतो. हेडर फाईल म्हणजे पत्रिका, तिच्यात पाहुण्यांची, म्हणजे फंक्शनची, नावं छापलेली असतात. कंपायलर फक्त पत्रिका बघतो, नाव आहे ना मग ठीक आहे. लिंकर मांडवाच्या दारात उभा असतो, तो विचारतो माणूस कुठाय? नुसतं नाव आहे आणि माणूस आलाच नाही की "अनडिफाइन्ड रेफरन्स". म्हणून लिनक्सवर वर्गमूळ काढायला मॅथ डॉट एच इन्क्लुड करूनसुद्धा लिंकर अडतो, कारण गणिताची लायब्ररी वेगळी असते आणि कमांडच्या शेवटी डॅश एल एम लिहून तिला बोलवावं लागतं. आणि विंडोजवरचा प्रसिद्ध एरर, "अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन". एका पोराने त्याच्यावर चार तास व्हिडिओ बघितले, विंडोज प्रोग्रामिंगचे, आणि चूक काय तर प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेनच्या ऐवजी मिआन टाइप केलेलं. दुसऱ्याने फाईल सेव्हच केली नव्हती, रिकामीच फाईल कंपाईल होत होती. मेन सापडला नाही की लिंकर असं काहीतरी परकं नाव घेऊन ओरडतो, एवढं माहीत असलं की पुरतं.

"परमिशन डिनाइड" पण असंच. पोरं म्हणतात ॲडमिनचा पासवर्ड द्या सर. अरे बाबा, मागच्या वेळी रन केलेली ती काळी खिडकी खाली अजून उघडी आहे, ती बंद कर, ती चालू असेपर्यंत विंडोज त्याच नावाची नवीन ईएक्सई (तयार प्रोग्रामची फाईल) लिहू देत नाही.

आता खरा त्रास, जिथे एकही एरर येत नाही पण उत्तर चुकीचं येतं. हा रोग वाईट. मार्कलिस्टचा प्रोग्राम सगळ्या कॉलेजात असतो. ५०० पैकी ४३७ मार्क, टक्केवारी काढा. पोरगं लिहितं मिळालेले भागिले एकूण गुणिले १००, दोन्ही इंट म्हणजे पूर्णांक, उत्तर शून्य. टॉपरला शून्य टक्के! कारण पूर्णांक भागिले पूर्णांक केलं की सी लँग्वेज दशांशाचा भाग टाकूनच देते, ४३७ भागिले ५०० म्हणजे शून्य, आणि शून्याला शंभराने काय हजाराने गुणा. आधी १००.० ने गुणून मग भागलं की ८७.४ येतात. त्याच प्रोग्रामात पुढे इफच्या कंसात मार्क बरोबर ३५ असेल तर "काठावर पास" छापायचं असतं, आणि दोनदा बरोबरच्या ऐवजी एकदाच बरोबरचं चिन्ह पडतं. झालं, अख्खा वर्ग काठावर पास, कारण एक चिन्ह म्हणजे तुलना होत नाही, सरळ ३५ मार्क देऊन टाकले जातात सगळ्यांना. जीसीसीला कमांडमध्ये डॅश डब्ल्यू ऑल एवढं लिहिलं तर तो याची वॉर्निंग देतो. पण वॉर्निंग म्हणजे चालतंय की, असं पोरांना सिनिअर्सनी सांगितलेलं असतं, आणि खरं सांगू का काही सरांनी पण.

स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून इनपुट घेणारं फंक्शन) & विसरणं हे तर आमच्या क्लासचं राष्ट्रीय फूल आहे. & लावलं तर कंपायलर व्हेरिएबलचा (आकडा ठेवायच्या डब्याचा) पत्ता देतो, नाही लावलं तर व्हेरिएबलमध्ये आधीपासून जो कचरा आकडा पडलेला असतो तोच पत्ता समजून स्कॅनएफ तिथे लिहायला जातो, म्हणजे पोस्टमनला घर नंबरच्या जागी काहीतरी भलताच आकडा दिल्यासारखं. लिनक्सवर बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट येतो. विंडोजवर खिडकी काही न बोलता बंद होते आणि कोडब्लॉक्समध्ये (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) खाली -१०७३७४१८१९ असा आकडा दिसतो, तो पोरं जर्नलमध्ये आउटपुट म्हणून लिहितात! तो आउटपुट नाहीये, परक्याच्या जागेत घुसलात म्हणून विंडोजने प्रोग्राम मारलाय त्याचा तो कोड आहे. ॲरे (आकड्यांची रांग) पाचचा आणि लूप शून्यापासून पाचपर्यंत धरून, म्हणजे सहा वेळा, त्यानेही कधी हेच होतं. आणि कधी काहीच होत नाही, ते जास्त वाईट, कारण मग तो प्रोग्राम नेमका एक्स्टर्नल परीक्षक समोर बसल्यावर पडतो.

मेनू ड्रिव्हन प्रोग्राममध्ये "परत करायचंय का, वाय की एन" विचारायच्या आतच प्रोग्राम पुढे पळतो हे पण रोजचं आहे. आकडा दिल्यावर जो एंटर दाबला तो बफरमध्ये (इनपुटच्या तात्पुरत्या साठ्यात) तसाच पडून असतो आणि कॅरॅक्टर वाचणारा स्कॅनएफ तोच गिळतो. टक्का सीच्या (%c) आधी एक स्पेस द्या, काम झालं. कॉलेजात याच्यावर एफफ्लश एसटीडीआयएन असा उपाय देतात, विंडोजवरच्या काही कंपायलरमध्ये चालतो, पण सीच्या स्टँडर्डमध्ये (अधिकृत नियमावलीत) इनपुटवर तसं करण्याला काही अर्थच दिलेला नाही.

आता टर्बो सीबद्दल. बोरलँडने १९८७ मध्ये काढलं, त्या काळात भारीच होतं, मी पण त्याच्यावरच शिकलो आणि निळा स्क्रीन बघितला की आजही बरं वाटतं. पण तो १६ बिटचा प्रोग्राम आहे, आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही म्हणून डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोंडून चालवतात. त्याच्यात इंट दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही. म्हणजे फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्राम घ्या, ७ चं ५०४० बरोबर येतं आणि ८ चं ४०३२० च्या जागी -२५२१६. पोरगं घरी जीसीसीवर तोच प्रोग्राम चालवतं, ४०३२० येतं, कॉलेजात मायनस, आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. घरी पण १३ ला गाडी अडतेच, खरं उत्तर ६२२७०२०८०० आणि स्क्रीनवर १९३२०५३५०४, फक्त इथे मायनस चिन्ह नसल्यामुळे कोणाला संशयच येत नाही. हे शिकवायला किती सुंदर उदाहरण आहे, दोन कंपायलर शेजारी शेजारी लावा, पोरं आयुष्यात विसरणार नाहीत. पण होतं काय, तर जर्नलमध्ये ५ चं फॅक्टोरियल १२० लिहून पुढचं पान. व्हॉइड मेन, कोनिओ डॉट एच, क्लिअर स्क्रीन, शेवटी गेच, हे सगळं मंत्रासारखं पाठ असतं, आणि नोकरीच्या टेस्टला लिनक्सवर बसवलं की कोनिओ डॉट एच सापडत नाही या एकाच एररवर घाम फुटतो. अहो ती फाईल सी लँग्वेजची नाहीच, डॉसच्या कंपायलरवाल्यांनी दिलेली आहे.

आणि पेपर काढणाऱ्यांना हात जोडून विनंती, ते आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आयचं (i++ + ++i) उत्तर काय, हा प्रश्न आता बंद करा. एकाच वाक्यात एकच व्हेरिएबल असं दोनदा बदललं तर काय व्हावं हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही, त्याला अनडिफाइन्ड बिहेविअर म्हणतात, प्रत्येक कंपायलर वेगळं उत्तर देऊ शकतो आणि एकालाही चूक म्हणता येत नाही. मग चार पर्यायातला एकच बरोबर कसा? मी हे एका परीक्षकांना बोललो तर ते म्हणाले, आमच्या टर्बो सीवर येतं तेच बरोबर. मी चहा संपवला आणि आलो.

काय करता येईल ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल नुसतीच टीका. पहिल्याच प्रॅक्टिकलला चालणारा हॅलो वर्ल्ड देऊ नका, मोडका द्या. एकात सेमीकोलन काढलेला, एकात मेनचं स्पेलिंग बिघडवलेलं, एकात & नाही, एकात फॉरच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन टाकलेला, म्हणजे लूप दहा वेळा रिकामाच फिरतो आणि आतली ओळ एकदाच छापली जाते. आणि जर्नलमध्ये आउटपुटच्या वरती एक रकाना ठेवा, कोणता एरर आला आणि कशाने गेला, त्याला पण मार्क द्या. ओरलला तोच रकाना बघून प्रश्न विचारा, कॉपी कोणी केली ते दोन मिनिटात कळतं. आता पोरं एरर उचलून थेट चॅटजीपीटीला देतात, देऊ देत, मी पण कधी कधी देतो, पण प्रॅक्टिकल परीक्षेला मोबाईल बाहेर जमा करतात हे विसरून कसं चालेल.

माझ्याकडे असे मोडके ११ प्रोग्राम छापून ठेवलेले आहेत, एका पानावर पाठपोट. कुठल्याही कॉलेजच्या सरांना मॅडमना हवे असतील तर झेरॉक्स काढून देतो, पैसे नकोत. क्लास रात्री नऊपर्यंत उघडा असतो.

आपला,
एक क्लासवाला, सातारा

ता. क. पत्र मोबाईलवर टाइप केलंय आणि त्याने माझी सगळी सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून टाकली. तुमच्या छपाईत चालून जाईल. फक्त कधी करिअरच्या पानावर प्रोग्राम छापायची वेळ आली तर डीटीपीवाल्यांना तेवढं सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरं ३४२ घेऊन माझ्याकडेच येतील.