घोडबंदर रोडवरचं ‘बंदर’

संपादक महोदय,

मुलगी यंदा सातवीत आहे. परवा गायमुखच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा तिने विचारलं, “आई, या घोडबंदर रोडवर बंदर कुठे आहे?” मानपाड्याला बावीस वर्षं राहूनही मला उत्तर देता येईना. रविवारी माळशेजला जायचं ठरलं होतं, ते रद्द केलं आणि सासऱ्यांना घेऊन आम्ही घोडबंदर गावात गेलो.

पाऊस भुरभुरत होता. टेकडी लहान, त्यामुळे सासरेही काठी टेकत किल्ल्यावर पोचले. खाली वसईची खाडी भरतीने काठोकाठ भरलेली, मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर ढगांत बुडालेले. पोर्तुगीजांच्या काळात इथे अरब व्यापाऱ्यांचे घोडे उतरत, त्यावरून गावाला हे नाव पडलं असं सांगतात. “मग पावसात घोडे कसे यायचे?” मुलीचा पुढचा प्रश्न. सासऱ्यांनी समजावलं, की आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, तशीच तेव्हाची गलबतंही पावसाळ्यात दर्यात जात नसत.

१७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाण्याबरोबर हा किल्लाही मराठ्यांकडे आला. खाडीपलीकडची वसई घ्यायला मात्र १७३९ चा मे महिना उजाडला. वरून खाडी पाहिली की ही दोन वर्षं का लागली असतील याचा थोडा अंदाज येतो. ठाण्यातल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो बाहेरूनच पाहायचा. घोडबंदरला निदान तटावर हात ठेवता येतो.

त्या तटावर पावसात शेवाळ धरतं. एक तरुण फोटोसाठी कडेला गेला आणि आमच्यासमोर घसरला. मित्राने दंड धरला म्हणून वाचला. कृपा करून कोणी कडेला उभं राहू नये.

आम्हाला गावाचा फाटा सापडेना, दोनदा पुढे जाऊन परत फिरलो. कापूरबावडी आणि गायमुखला किल्ल्याची ठळक मराठी पाटी लागावी, शनिवार-रविवारी पायथ्यापर्यंत बस असावी, एवढी विनंती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोचवावी. मुलीने वर्गात विचारलं, तेव्हा हा किल्ला पाहिलेलं एकही मूल निघालं नाही. सातवीला मराठ्यांचा इतिहास अभ्यासाला आहे. पाऊस ओसरला की शाळांनी या मुलांना इथे आणावं.

आपली नम्र,
एक वाचक, मानपाडा, ठाणे (पश्चिम)